अप-डाउन मीमांसा

वास्तुशास्त्राने मराठी माणसाला पुष्कळ काही सांगून ठेवलं आहे. स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला, कर्त्या माणसाची झोपायची खोली नैर्ऋत्येला; दार कुठे असावं, पाण्याची टाकी कुठे नसावी, आरशात काय दिसू नये. पण हे सगळं ज्या घरात मांडायचं ते घर मुळात कोणत्या स्टेशनला असावं, याबद्दल शास्त्र अवाक्षर काढत नाही. त्यातून नवऱ्याची कचेरी एका टोकाला आणि बायकोची बरोबर दुसऱ्या टोकाला असेल, तर शास्त्र सरळ डोळे मिटून घेतं. शास्त्रकारांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या काळी घरातला एकच माणूस पोटापाण्यासाठी बाहेर पडे, आणि बहुधा तो पायीच जाई.

ही उणीव भरून काढण्याचं कार्य प्रस्तुत प्रबंधकाराने शिरावर घेतलं आहे. विषय क्षुल्लक वाटेल. ज्यांना वाटेल त्यांनी नव्या नवराबायकोला भाड्याचं घर ठरवताना एकदा दाराआडून ऐकावं.

आधी व्याख्या. ज्या जोडप्यातली एक व्यक्ती सकाळी अप गाडी पकडते आणि दुसरी डाउन, ते ‘उभयदिश दांपत्य’. सीएसएमटीकडे जाते ती अप आणि कल्याणकडे जाते ती डाउन, असा मध्य रेल्वेचा संकेत आहे. त्यात कोणाला कमी लेखण्याचा हेतू नसावा, पण डाउनवाल्यांना तसा संशय असतो. उदाहरणासाठी परंपरेप्रमाणे देवदत्ताला घेऊ. न्याय-मीमांसेच्या ग्रंथांत कोणताही मुद्दा पटवायचा झाला की देवदत्तालाच कामाला लावतात. दिवसा जेवत नाही तरी लठ्ठ आहे, तेव्हा रात्री जेवत असला पाहिजे, अशी त्याची जुनी ख्याती. या तर्काला अर्थापत्ती म्हणतात. आमचा देवदत्त विवाहित आहे, पण दिवसा बायकोला भेटत नाही. तेव्हा रात्री भेटत असला पाहिजे. रविवारी मेगाब्लॉक असतो, त्या दिवशी तो दिवसाही भेटतो, पण अपवादाने नियम मोडत नाही.

देवदत्त फोर्टात नोकरीला आहे. त्याची पत्नी मालती बदलापूरच्या शाळेत शिकवते. सीएसएमटी ते बदलापूर हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. दोघांना एक घर हवं आहे. शास्त्राला एवढी सामग्री पुरे.

पूर्वसूरींनी या प्रश्नाला कसकशी बगल दिली ते आधी पाहिलं पाहिजे. कवींनी चक्रवाक पक्ष्याचं जोडपं निर्माण केलं. ते दिवसा एकत्र असतं आणि रात्री ताटातूट होऊन नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारत बसतं. आमच्या दांपत्याचं वेळापत्रक नेमकं उलटं असल्यामुळे हा दाखला निकालात निघतो. गिरणीच्या काळातल्या चाकरमान्याने तर प्रश्नच उपटून टाकला होता. बायको कोकणात, तो गिरणगावात पाळीपाळीने झोपायच्या खोलीत. गाठ गणपतीत आणि शिमग्याला. घर कुठे असावं यावर वाद नव्हता, कारण घर होतंच, फक्त त्यात तो नव्हता. तिसरा दाखला पंढरपूरचा. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, देव तिला शोधत आले आणि तिथलेच झाले, अशी कथा आहे. पत्नीच्या मुक्कामी पतीने कायमची बदली करून घेतल्याचं याहून थोर उदाहरण महाराष्ट्रात नाही. मात्र दोघांचे गाभारे आजही वेगळे आहेत, ही गोष्ट अभ्यासकाने नजरेआड करू नये.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा आजच्या प्रश्नाचा पाया घातला गेला. गाडीत सुमारे ४०० पाहुणे होते. ते हौसेने बसले होते आणि उशीर झाला म्हणून त्यांच्यापैकी कोणाच्या मस्टरवर लाल शेरा पडणार नव्हता. या ऐतिहासिक प्रवासाची लांबी ३४ किलोमीटर होती. म्हणजे देवदत्त-मालतीच्या ६८ ची बरोबर निम्मी. इतिहासाने ठाणं अशा रीतीने नकाशावर ठेवलं आहे की जणू त्याला हा प्रबंध पुढे कधीतरी लिहिला जाणार हे ठाऊक होतं.

आता प्रमाणविचार. ज्ञान मिळवायचे मार्ग नैयायिकांनी चार सांगितले: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. घर शोधताना प्रत्यक्ष म्हणजे आपण जाऊन पाहणं, आणि त्याला सुट्टी लागते. अनुमान म्हणजे जाहिरातीतल्या फोटोत खिडकी दिसत नाही त्या अर्थी खिडकीबाहेर नाला आहे, हे ओळखणं. उपमान म्हणजे ‘आमच्या भाच्याने घेतलं ना, अगदी तसंच’. उरला शब्द, म्हणजे आप्तवाक्य, आणि या क्षेत्रातला आप्त म्हणजे ब्रोकर.

“सर, स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं.”

“चालत?”

“चालतच की. आता तुम्ही शेअर रिक्षा केलीत तर बात वेगळी, मग दहा लागतील. ट्रॅफिक असतो ना.”

विधान वरवर विसंगत वाटतं. पण ठाण्यात किंवा डोंबिवलीत संध्याकाळी सात वाजता स्टेशनबाहेर उभं राहून ज्याने रिक्षाची रांग पाहिली आहे, त्याला ते वेदवाक्य वाटेल. पाच मिनिटं हा ब्रोकरचा स्थिरांक आहे. इमारत कुठेही असो, तो बदलत नाही. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केती यांनी १९९४ साली असाच एक स्थिरांक जगापुढे मांडला. माणूस गुहेत राहो की शहरात, पायी जावो की मोटारीने, रोजच्या जाण्यायेण्यात तो सरासरी तासभर घालवतो. वाहन वेगवान झालं की तो लांब राहायला जातो, पण तास कायम. मार्केतींचं म्हणणं खोटं नाही. देवदत्ताचा तो तास सकाळी जातानाच संपतो आणि संध्याकाळचा परतीचा प्रवास उधारीवर होतो, इतकंच.

असो. मुख्य सिद्धांताकडे येऊ.

पूर्वपक्ष असा. दोन कचेऱ्यांच्या मध्यावर घर घ्यावं, हेच न्यायाचं. मध्य म्हणजे ठाणे. त्याला ३४, तिला ३४. हे ऐकताच दोन्हीकडची मंडळी माना डोलावतात, आणि डोलावणाऱ्या मानांत गणित सहसा शिरत नाही.

उत्तरपक्ष. मध्यावर राहून दोघांचा मिळून प्रवास एका काडीनेही कमी होत नाही. घर सीएसएमटीपासून क्ष किलोमीटरवर आहे असं धरा. देवदत्ताचा प्रवास क्ष, मालतीचा ६८ वजा क्ष. बेरीज केली की क्ष उडतो आणि उरतात ६८. ठाण्यात राहा, ३४ आणि ३४. डोंबिवलीत राहा, ४८ आणि २०. विक्रोळीत राहा, २३ आणि ४५. फोर्टात फुटपाथवर राहा, शून्य आणि ६८. घर कुठेही असो, बेरीज तीच. ज्या घरासाठी तीन रविवार उन्हातान्हात पायपीट केली, ते घर समीकरणातून स्वतःच उठून निघून जातं. पश्चिम रेल्वेवर विरार ते चर्चगेट या साठ किलोमीटरांनाही हाच न्याय लागू आहे. तिथे फक्त आवाज जास्त होतो.

म्हणजे किती प्रवास करायचा हा प्रश्नच नव्हता. तो कोणी करायचा, एवढाच वाद होता. एकूण सुख मोजणारा बेंथमचा अनुयायी म्हणेल की बेरीज समान आहे तर कुठेही राहा आणि डोकं खाऊ नका. १९७१ साली न्यायावर मोठा ग्रंथ लिहिणारे जॉन रॉल्स म्हणतील की सर्वांत वाईट अवस्था ज्याची, त्याची अवस्था सुधारेल असं पाहा. म्हणजे पुन्हा ठाणे. रेल्वेचं तत्त्वज्ञान या दोघांहून वेगळं आहे. अंतर वाढतं तसा पासाचा दर किलोमीटरमागे उतरत जातो. त्यामुळे एकाने ६८ चा पास काढणं हे दोघांनी ३४-३४ चे काढण्यापेक्षा स्वस्त पडतं. दांपत्यातल्या एकाने सगळं सोसावं आणि दुसऱ्याने सुखात राहावं, या रचनेला रेल्वे सवलत देते. सासरच्या मंडळींनी हा मुद्दा अजून मांडलेला ऐकिवात नाही, पण मांडतील.

आता शंका. सगळे किलोमीटर सारखे असतात का? नसतात. आणि इथे प्रबंधकाराला कागद-पेन्सिल ठेवून ठाण्याच्या फलाटावर उतरणं भाग आहे.

सकाळचे सव्वाआठ. एकीकडे अप गाडीचा इंडिकेटर, एकीकडे डाउनचा. बदलापूरहून आलेली अप फास्ट फलाटात शिरते तेव्हाच दारातले लोक हाताने ‘नाही, नाही’ करत असतात, जसं काही कोणी त्यांच्याकडे उसने पैसे मागितले आहेत. देवदत्ताने पाठीवरची सॅक केव्हाच पोटावर घेतलेली आहे. गाडी थांबायच्या आत डाव्या हाताने दांडा, उजव्या हाताने समोरच्याचा खांदा, आणि तोंडाने ‘आत चला, आत चला, मध्ये रिकामं आहे’. मध्ये रिकामं नसतं. हे तो जाणतो, आतले जाणतात, पण म्हणायचं असतं. आत शिरल्यावर दोन पाय टेकायला मिळाले तर तो दिवस चांगला. मग बाकांच्या मध्ये घुसायचं आणि बसलेल्याकडे पाहून भुवई उंचावत एकच शब्द विचारायचा: “कुठे?” बसलेला ‘घाटकोपर’ म्हणाला की त्या गुडघ्यांसमोरची जागा आपली. ‘सीएसटी’ म्हणाला की पुढचा बाक. स्टेशनचं नाव बदलून काही वर्षं झाली, पण या प्रश्नाच्या उत्तरात चौथं अक्षर घ्यायला फुरसत नसते.

त्याच वेळी पलीकडच्या फलाटावर मालती डाउन गाडीच्या मधल्या लेडीज डब्यात चढते. चढते म्हणजे अक्षरशः एका पायापुढे दुसरा पाय ठेवून चढते. हवेच्या बाजूची खिडकी मिळते. कळव्याला पर्स मांडीवरून शेजारी येते. मुंब्र्याच्या आसपास सहामाहीचे पेपर बाहेर निघतात, आणि कल्याण येईपर्यंत ‘ब’ तुकडीचं भूगोलाचं ज्ञान किती खालावलं आहे ते स्पष्ट झालेलं असतं. बदलापूरला पूल कोणत्या डब्यासमोर येतो हे तिला पाठ आहे, म्हणून ती मुळात चढतेच त्या डब्यात. संध्याकाळी पुन्हा हाच प्रकार उलट दिशेने: ती अपने रिकामी येते, तो डाउनने भरलेला. सीएसएमटीला गाडी सुटते तिथूनच बसल्यामुळे त्याला कधीमधी सीट मिळते. मग घाटकोपर सोडता सोडता उठायला लागतं, नाहीतर ठाण्याच्या नावाने पुढच्या स्टेशनला उतरणं नशिबी येतं. दाराशी पोचेपर्यंत दोघेतिघे ऐकवतातच, “ठाण्याला उतरायचंय तर ठाणे लोकल नाही का मिळाली?” लांबच्या गाडीत जवळचा माणूस म्हणजे दारातल्यांच्या लेखी गुन्हेगार. पण मुंबईपासून त्याच्या गुडघ्यांसमोर उभा असलेला कर्जतचा गृहस्थ मात्र त्याला देवमाणूस मानतो, कारण ‘कुठे?’ला ‘ठाणे’ असं उत्तर देणारा दुसरा कोणी त्या बाकावर नाही. एकाच डब्यात, एकाच वेळी, एकाच कारणासाठी एक माणूस निंद्य आणि वंद्य ठरण्याची सोय अन्यत्र सापडत नाही.

तात्पर्य असं की किलोमीटरचे दोन प्रकार मानले पाहिजेत, बसीव आणि उभीव. एक उभीव किलोमीटर दोन बसीव किलोमीटरांबरोबर धरू. (देवदत्त तीन म्हणतो, त्याला हितसंबंधी साक्षीदार मानून आम्ही एक कापला आहे.) समान त्रासाचं स्थान मग ठाण्यावरून सरकतं आणि सुमारे २३ किलोमीटरवर, म्हणजे विक्रोळीत येतं. ही झाली समता. पण बेरीज मांडली तर भलतंच होतं. क्षच्या दुप्पट अधिक ६८ वजा क्ष, म्हणजे ६८ अधिक क्ष. ती कमीत कमी हवी तर क्ष शून्य हवा. म्हणजे देवदत्ताने फोर्टात, कचेरीच्या जिन्याखालीच राहावं आणि मालतीने रोज ६८ किलोमीटर खिडकीत बसून जावं.

यावर मालतीचं म्हणणं नोंदवणं आवश्यक आहे. “अरे, सीट मिळते म्हणून मी काय प्रवासाला जाते का? माझी शाळा सातला भरली तर पाचची गाडी. डबे कोण करणार? का तेही बसीव?” फोर्टातल्या भाड्याबद्दल ती बोललीसुद्धा नाही. ते योहान फॉन थ्यूनेन हा जर्मन जमीनदार १८२६ सालीच सांगून गेला होता. बाजारपेठेच्या भोवती वर्तुळं पडतात आणि जितकं लांब जावं तितका जमिनीचा मोबदला उतरतो. त्याने ते भाजीपाला, लाकूड आणि गुरांबद्दल लिहिलं होतं, पण अंबरनाथ-बदलापूरच्या टू बीएचकेला जसंच्या तसं लागू पडतं. अखेर उभयपक्षी तह झाला. त्याची गर्दी आणि तिचे डबे परस्परांत वळते करून घ्यावेत आणि किलोमीटर पुन्हा एकजिनसी मानावा. प्रबंधाच्या दृष्टीने हे सोयीचं आहे. घराच्या दृष्टीने तिने पुष्कळ सोडलं, असं आमचं खाजगी मत आहे.

कोणी म्हणेल, सगळ्यांच्या कचेऱ्या काही एका रुळावर नसतात. मान्य. समजा, तो बोरिवलीला आणि ती ठाण्याला. सरळ रेषेत अंतर अवघं तेरा-चौदा किलोमीटर. पण घोडबंदर रस्त्याने ते जवळजवळ दुप्पट होतं आणि लोकलने दादरला वळसा घालून गेलात तर पन्नाशीला टेकतं. बरं, या सरळ रेषेचा मध्यबिंदू कुठे पडतो? संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या लेण्यांपासून जेमतेम किलोमीटरभर. त्या मध्यावर शतकानुशतकं माणसं राहिली, पाण्याची टाकीसुद्धा कातळात खोदून ठेवली. ती भिक्खू होती. त्यांना कचेरीही नव्हती आणि बायकोही. आज तिथे बिबटे राहतात, त्यांचंही तेच. मध्यबिंदूवर सुखाने राहायच्या अटी यावरून स्पष्ट व्हाव्यात. पुण्यात तो हिंजवडीला आणि ती खराडीला असेल तर मध्य येतो खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या आसपास. यावर आम्ही भाष्य करत नाही. पुणेकर स्वतःच करतील.

आता या प्रबंधाचा गाभा. दोनच बिंदू असताना गणित हात झटकतं, हे आपण पाहिलं. पण तिसरा बिंदू आला की ते एकदम बोलू लागतं. सतराव्या शतकात फर्माने हे कोडं घातलं: तीन बिंदू दिले असता तिन्हींपासूनच्या अंतरांची बेरीज सर्वांत कमी होईल अशी जागा शोधा. टोरिचेल्लीने ती शोधली. पुढे १९०९ मध्ये आल्फ्रेड वेबरने त्यावरून कारखाना कुठे उभारावा याचा सिद्धांत रचला: कच्चा माल इथे आणि तिथे, बाजार पलीकडे. वेबरच्या कारखान्याला सासर-माहेर नव्हतं, म्हणून तो तीन बिंदूंवर थांबू शकला.

एकाच रुळावरच्या तीन बिंदूंचं उत्तर तर फार सोपं आहे, आणि ते पटायला फार जड जातं. तिघांतला जो मधला, घर त्याच्या दाराशी. मालतीची आई डोंबिवलीला राहते आणि दीड वर्षाचं मूल दिवसभर तिच्याकडे असतं, असं धरा. सीएसएमटी शून्यावर, डोंबिवली ४८ वर, बदलापूर ६८ वर. घर डोंबिवलीतच. समजा देवदत्त हट्टाने एक किलोमीटर ठाण्याकडे सरकला. त्याचा एक वाचला, मालतीचा एक वाढला, ही फिटंफाट झाली; पण मुलाला सोडायला-आणायला एक किलोमीटर वाढला, तो कुठेच वळता होत नाही. दुसऱ्या दिशेला सरकलात तरी तेच. अधिक विलक्षण गोष्ट पुढे आहे. मालतीची बदली उद्या बदलापूरहून कर्जतला झाली, ६८ चे १०० झाले, तरी घर तसूभर हलत नाही. टोकं कितीही ताणा, मधला तो मधलाच. नवराबायको आपापल्या पगाराची, पदाची आणि पाठदुखीची वजनं टाकत बसतात, आणि निर्णय घेते ती तिसरी व्यक्ती, जी कुठेच जात नाही.

देवदत्ताच्या बाजूने इथे चौथा बिंदू पुढे करण्यात आला. “माझी आई मुलुंडला आहे. तिच्याकडे काय मूल राहणार नाही?” शास्त्रीय दृष्ट्या हा डाव उत्तम होता. शून्य, ३१, ४८, ६८. संख्या सम झाली की मधला एक उरत नाही, दोन उरतात, आणि त्या दोघांमधली प्रत्येक जागा सारखीच: मुलुंड, ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली. गणित पुन्हा मौनात गेलं. विषम दावेदार असतील तर उत्तर मिळतं, सम असतील तर भांडण. एकत्र कुटुंबं टिकवणाऱ्यांनी आणि मोडणाऱ्यांनी दोघांनीही हे सूत्र तपासून पाहायला हरकत नाही.

मग पाचवा दावेदार शोधणं आलं. पाळणाघराचा विचार झाला. पण पाळणाघर घराजवळचं हवं आणि घर पाळणाघराजवळ घ्यायचं, हा नैयायिकांनी निंदलेला अन्योन्याश्रय दोष. कामाच्या बाई चांगल्या मिळतील तिथे राहू, असंही निघालं. पण बाई चांगल्या मिळतात त्या सोसायटीत जिथे त्यांची बहीण काम करते, बहीण जाते जिथे तिची जाऊ जाते, आणि जाऊ कुठे जाते याचा ठाव कोणालाच नाही. हा अनवस्था दोष. मुलाची शाळा हा पाचवा बिंदू म्हणून सर्वांत भक्कम. पण मूल दीड वर्षाचं आहे, आणि शाळेच्या प्रवेशाची रांग आत्ताच लावावी लागते या बातमीने दोघांनाही इतका धक्का बसला की तो विषय बंद झाला.

तेवढ्यात निर्णय बाहेरून आला. मुलुंडच्या आईने सांगितलं, “बाबा रे, माझे गुडघे गेले. नातवाला बघायला येईन, सांभाळायला नाही.” चौथा दावा मागे घेतला गेला. तीन उरले, म्हणजे डोंबिवली. देवदत्ताने मान खाली घालून ब्रोकरला फोन लावला. आणि त्याच आठवड्यात मालतीच्या आईची इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डर बाहेर राहण्यासाठी भाडं देणार होता. आई म्हणाली, “वेगळं घर कशाला? मी तुमच्याकडेच राहते. भाड्याचे पैसेही तुम्हालाच.”

शास्त्राच्या दृष्टीने ही आणीबाणी होती. तिसरा बिंदू घरातच राहायला आला की त्याचं घरापासूनचं अंतर कायमचं शून्य. घर जिथे जाईल तिथे तो बिंदू जाणार. म्हणजे पुन्हा दोनच उरले, आणि पुन्हा क्ष उडाला. देवदत्ताचे डोळे ठाण्याच्या आठवणीने लकाकले. त्याने सासूबाईंना विचारलंही, “आई, तुम्हाला कुठे बरं वाटेल?”

“मला काय रे, कुठेही चालेल. दोन घास खाणार आणि पडून राहणार. फक्त संकष्टीला आपलं डोंबिवलीचं गणेश मंदिर चुकत नाही इतकी वर्षं. तेवढं जमलं की झालं.”

महिन्यातून एकदा, म्हणजे इतर फेऱ्यांच्या मानाने नगण्य वजन, असं देवदत्ताने बोलून दाखवलं. पण त्याच्याच तहाने दोन पारडी समसमान केलेली होती, आणि अशा तराजूत तांदळाचा दाणा पडला तरी काटा हलतो. बेरीज झाली ६८ अधिक संकष्टीचा किंचित भाग, आणि तो किंचित भाग शून्य होतो एकाच ठिकाणी. मालतीने हे गणित न करता तेच उत्तर काढलं होतं. फडके रोडच्या मागे तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं, अकरा महिन्यांच्या करारावर. स्टेशनपासून पाच मिनिटं. देवदत्ताने डोंबिवली ते सीएसएमटी तीन महिन्यांचा पास काढला आणि पहिल्याच सकाळी फलाटावर कोणत्या खांबाजवळ उभं राहावं हे एका जुन्या डोंबिवलीकराला विचारलं. त्याने आधी विचारलं, “कुठे?”